टाचणवही साहेबांची, दुसरी वही आपली : नव्या भाषाशिक्षकांसाठी

जूनमध्ये रुजू झालात की पहिल्या आठवड्यातच वेळापत्रक, हजेरी आणि टाचणवही हातात पडते. घटक, उद्दिष्टं, साधनं, मूल्यमापनाचे प्रश्न, सगळं तास होण्याआधी लिहायचं. (बऱ्याच जणांचं आख्ख्या आठवड्याचं टाचण शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एका बैठकीत उरकलेलं असतं. मीही उरकलंय.) त्यावर पर्यवेक्षकांची सही होते आणि विषय संपतो. पण तासाला प्रत्यक्षात काय घडलं, कविता रंगली की पडली, मागच्या बाकावरचा पोरगा कुठल्या ओळीला खिडकीबाहेर बघायला लागला, हे लिहायला टाचणात रकानाच नाही.

मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, सतरा वर्षं झाली. बी.एड.ला ‘चिंतनशील अध्यापन’ हा जड शब्द परीक्षेपुरता पाठ केला होता. काम चालू असताना होणारा विचार वेगळा आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला विचार वेगळा, हा अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडलेला भेद पेपरात लिहिला आणि विसरून गेले. त्यांच्याही आधी, १९१० मध्ये, शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी अशा विचाराबद्दल सविस्तर लिहिलं होतं. हे तेच ड्यूई, कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब आंबेडकरांना शिकवणारे. पुढे १९२० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या माणगावच्या परिषदेत शाहू महाराज बाबासाहेबांच्या शेजारी उभे राहिले. म्हणजे धागा आपल्या दारापर्यंत आलेला आहे. आपणच तो परीक्षेनंतर सोडून देतो.

मला हे सगळं समजायला आठ-नऊ वर्षं लागली. अडचण अशी होती की ‘आज तास कसा झाला?’ हा प्रश्न मी माझ्या मनाला विचारायची, आणि मन फार प्रेमळ असतं. तास छान झाला म्हणजे बहुतेक वेळा मी छान बोलले. मुलांचं काय झालं, ते कुठेतरी नोंदलेलं असेल तरच कळतं. म्हणून पुढे जे सांगणार आहे त्यात उपदेश कमी आणि मोजदाद जास्त आहे.

वही घ्या, आणि ती कुणाला दाखवू नका

साधी शंभर पानी वही. डायरी नको, कारण डायरीत रोजची तारीख छापलेली असते आणि चार दिवस कोरे गेले की अपराधी वाटून माणूस ती बंद करतो. ही वही तपासणीला ठेवायची नाही, ‘उपक्रम’ म्हणून फोटो काढून ग्रुपवर टाकायची नाही. साहेब बघणार म्हटलं की आपण ‘विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ असली वाक्यं लिहायला लागतो. या वहीत असलं एक जरी वाक्य सापडलं तर ते खोडा आणि कुठल्या पोरानं काय उत्तर दिलं ते लिहा.

पहिलं पान : वर्गात किती भाषा बसल्या आहेत?

इतिहास-भूगोलाच्या शिक्षकाला हे एक वेळ चुकेल, भाषाशिक्षकाला नाही. मराठी माध्यमाची शाळा म्हणजे सगळ्यांची घरची भाषा पुस्तकातली मराठी, असं समजून चालाल तर पहिल्या घटक चाचणीला तोंडावर पडाल. गडहिंग्लज, कागल, शिरोळच्या बाजूला कितीतरी घरांत कन्नड बोलतात. चंदगडला गेलात तर चंदगडी बोलीचा हेलच निराळा. इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला आलेल्या कुटुंबांमुळे हिंदी आणि तेलुगू, शहरात गुजरीच्या (सराफ बाजाराच्या) आसपास कारागिरांच्या पोरांची बंगाली, मुस्लिम घरांतली दख्खनी. दिवाळीनंतर कारखान्याचा हंगाम धरून ऊसतोड कुटुंबांची मुलं आली, तर त्यांची मराठी बीड-धाराशिवकडची.

पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला हळूच विचारा : घरात आज्जीशी कुठल्या भाषेत बोलतोस? ‘मातृभाषा कोणती?’ असं विचारलं की सगळे ‘मराठी’ म्हणून मोकळे होतात. आज्जीचं नाव काढलं की खरं बाहेर येतं. नावापुढे भाषा लिहून ठेवा. हे पान वर्षभर उपयोगी पडतं.

आता माझी एक चूक सांगते. कोल्हापुरात पोरीसुद्धा ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणतात, हे तुम्हाला माहीतच असेल. बाहेरच्या माणसाला गंमत वाटते, आम्हाला त्यात काही वाटत नाही. घरी आईशी बोलताना मीही आजतागायत ‘मी जाऊन येतो गं’ म्हणूनच बाहेर पडते. आणि हीच मी, आठवीच्या वर्गात एक मुलगी उठून ‘बाई, मी काल गावाला गेल्तो’ म्हणाली, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, ‘गेल्तो काय? मुलगी आहेस ना तू? गेले होते म्हण.’ वर्ग हसला. तिनं वाक्य दुरुस्त करून म्हटलं आणि बसली. नंतर ती आपणहून बोललीच नाही, आणि ते माझ्या लक्षात यायला पंधरा दिवस गेले, कारण तेव्हा मी वही ठेवत नव्हते.

आज असं झालं तर मी आधी ती गावाला कशाला गेली होती ते ऐकून घेते. मग कधीतरी निवांत फळ्यावर दोन रकाने काढते, ‘घरात असं म्हणतो’ आणि ‘पेपरात असं लिहितो’, आणि पहिल्या रकान्यात माझंच वाक्य टाकते. मुलं हसतात, पण ते हसू वेगळं असतं.

तासानंतरची तीन मिनिटं

रोज सगळ्या तासांबद्दल लिहायला जाल तर श्रावण लागायच्या आत वही बंद पडेल. आठवड्यात दोन तास निवडा. शक्यतो ज्याच्यानंतर ऑफ तास आहे किंवा मधली सुट्टी आहे असे. स्टाफरूममध्ये चहा यायच्या आत तीनच गोष्टी लिहा : मी काय योजलं होतं, मुलांनी प्रत्यक्षात काय केलं किंवा म्हटलं (जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत), आणि उद्या यातलं काय बदलणार.

माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते : ‘८ ब, पाचवा तास. कवितेतली प्रतिमा समजावत होते. “चंद्र भाकरीसारखा का म्हटलाय?” विचारलं. हजेरी क्र. १४ : “भूक लागली असंल बाई त्यास्नी.” सगळे हसले, मीही हसून पुढे गेले. पुढे जायला नको होतं. उत्तर बरोबर होतं. उद्या तिथूनच सुरू करायचं.’ ही नोंद केली नसती तर दुसऱ्या दिवशी मी गाईडमधला रसग्रहणाचा परिच्छेद फळ्यावर लिहून मोकळी झाले असते.

‘आज मुलं दंगा करत होती’ ही नोंद नव्हे. कोण, कुठल्या क्षणाला, काय सांगितल्यावर, ते लिहा. दहा नोंदी झाल्या की दिसायला लागतं की दंगा नेहमी तुम्ही फळ्याकडे तोंड करून लिहीत असतानाच होतो, किंवा लेखन द्यायच्या आधी सूचना तीनदा बदलल्यावर होतो.

स्वतःचा आवाज ऐका

हे सगळ्यात कडू औषध. मुख्याध्यापकांना सांगून ठेवा, मुलांनाही सांगा की ‘मी माझं बोलणं तपासायला रेकॉर्ड करतेय’, आणि मोबाइल टेबलावर उपडा ठेवून पंधरा मिनिटांचं फक्त ध्वनिमुद्रण करा. व्हिडिओ नको, कॅमेरा दिसला की मुलंही नाटक करतात आणि आपणही. ऐकून झालं की पुसून टाका. मुलांचे आवाज असलेली फाइल कुणालाही पाठवायची नाही, अगदी कौतुकाची असली तरी.

ऐकताना एका वेळी एकच गोष्ट मोजा. पहिल्यांदा मी ऐकलं तेव्हा पंधरा मिनिटांत मी तेवीस वेळा ‘समजलं का?’ म्हणाले होते. तेवीसही वेळा वर्गातून ‘होऽऽऽ’ आलं होतं. त्या ‘होऽऽऽ’चा अर्थ ‘पुढं चला बाई’ एवढाच असतो, हे विद्यार्थी असताना आपल्या सगळ्यांना ठाऊक होतं. टेबलाच्या या बाजूला आलो की विसरतो. त्या दिवसापासून मी ‘समजलं का?’ बंद करून ‘शेजारच्याला सांग बघू’ सुरू केलं.

दुसऱ्या वेळी थांबण्याचा वेळ मोजा. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं आढळलं. शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबायला शिकले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प असणारीही बोलू लागली. त्यांचे वर्ग विज्ञानाचे होते, पण भाषेच्या तासाला हे जास्तच लागू पडतं. ज्याच्या डोक्यात वाक्य आधी कन्नडमध्ये येतं, त्याला ते मराठीत वळवायला वेळ नको? इंग्रजी शिकवत असाल तर विचारूच नका. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. उभं राहून थांबून बघा, युग लोटल्यासारखं वाटतं. मी मनात ‘एक रंकाळा, दोन रंकाळा, तीन रंकाळा’ म्हणते. हसू नका, चालतं.

वह्या तपासताना चुका मोजा, नुसत्या लाल करू नका

भाषाशिक्षकाच्या आयुष्यातला निम्मा वेळ वह्यांत जातो, आणि त्यातून आपण स्वतः मात्र काहीच शिकत नाही. मीही वर्षानुवर्षं चुकीच्या शब्दाला गोल करून ‘शुद्धलेखन सुधारा’ असा शेरा मारत होते. काय सुधारा, कसं सुधारा, देव जाणे.

एकदा ‘पंचगंगेच्या घाटावरची सकाळ’ या निबंधाच्या ३८ वह्या घेऊन बसले आणि गोल करण्याऐवजी कागदावर तीन रकाने केले : घाईतली चूक (अनुस्वार राहिला, काना सुटला), बोलीतून आलेलं रूप (‘व्हतं’, ‘हाईत’), आणि नियमाची चूक. तिसऱ्या रकान्यात एकच प्रकार रांगेनं येऊ लागला : ‘फूलांचा’, ‘दूधात’, ‘मूलांनी’. ३८ पैकी २६ वह्यांत.

एवढ्या मुलांची एकच चूक म्हणजे ती मुलांची नव्हेच. मागच्या महिन्यात मीच शिकवलं होतं की शब्दाच्या शेवटी ‘अ’ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ : फूल, दूध, मूल, वीट. टाळ्यांच्या ठेक्यावर पाठ करून घेतलं होतं आणि फार खूश होते. पण प्रत्यय लागून सामान्यरूप झालं की तोच उकार ऱ्हस्व होतो, फुलांचा, दुधात, मुलांनी, विटेवर, हा नियमाचा अर्धा भाग पुढच्या तासाला घ्यायचा राहिला आणि मग राहूनच गेला. पोरं चुकली नव्हती, पोरांनी माझं ऐकलं होतं. (आणि ‘गीत’सारख्या तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दाचं ‘गीतात’ दीर्घच राहतं, ते वेगळं. ते त्याच दिवशी सांगू नका. दोन आठवडे जाऊ द्या.)

महिन्यातून एकदा, एकाच वर्गाच्या वह्यांना हे करा. सगळ्या नको, वीस वह्या पुरेत. जो प्रकार निम्म्याहून जास्त वह्यांत दिसेल तो तुमचा पुढचा तास.

मुलांना विचारा

तास सुटायला तीन मिनिटं असताना वहीचं अर्धं पान फाडायला सांगा. नाव नको. एकच प्रश्न : ‘आजच्या तासातलं काय उद्या परत सांगू?’ ‘बाई कशा शिकवतात?’ असं विचारायचं नाही. उत्तर ‘खूप छान’ येणार. चिठ्ठ्या वाचल्या की दुसऱ्या दिवशी त्यातल्या निदान एकीचं वर्गात काहीतरी करा, नाहीतर तिसऱ्या वेळी सगळ्या कोऱ्या येतील.

मागच्या बाकावर सहकारी

वर्गात दुसरं मोठं माणूस येऊन बसलं की आपल्याला लॉगबुक, म्हणजे तपासणीचे शेरे लिहायची वही, आठवतं. म्हणून हे अधिकाऱ्याबरोबर करायचं नाही, बरोबरीच्या माणसाबरोबर करायचं. हिंदीच्या मॅडम, इंग्रजीचे सर, कुणीही.

आपल्या तालमींत बघा. वस्ताद हौद्याच्या कडेला बसून असतो. लढत झाल्यावर तो ‘चांगला खेळलास’ म्हणत नाही, ‘पट काढताना मान खाली गेली’ म्हणतो. पैलवानाला स्वतःची मान दिसत नाही, एवढी साधी गोष्ट आहे. शिक्षकालाही दिसत नाही.

पण पैलवान आधी वस्तादाला सांगतो की आज अमुक डाव बघा. तसं तुम्हीही सहकाऱ्याला आधीच नेमकं काम द्या : ‘मी कुणाकुणाला प्रश्न विचारते तेवढंच बघा.’ बाकांचा नकाशा काढून हातात द्या; ज्याला प्रश्न गेला तिथे रेघ. तास संपल्यावर त्यांनी मत द्यायचं नाही, फक्त कागद द्यायचा. इंग्रजीच्या सरांनी मला दिलेल्या कागदावर सगळ्या रेघा खिडकीकडच्या दोन रांगांत होत्या. भिंतीकडच्या मुलींच्या रांगेत एकही नाही. सर काही बोलले नाहीत. चहा मात्र मी पाजला.

पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्या तासाला बसा. फेड व्हायला हवी, नाहीतर मैत्री आटते.

एक प्रश्न, चार आठवडे

वही दोन-तीन महिने चालली की एखादा प्रश्न पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. तो घेऊन छोटं कृतिसंशोधन करा. बी.एड.ला केलेलं विसरा. ते बहुतेकांनी मागच्या वर्षीच्या फाइलवरून उतरवलेलं असतं. इथे चारच गोष्टी लागतात : आत्ता काय स्थिती आहे याचा आकडा, एकच बदल, तो चार आठवडे न चुकता, आणि शेवटी पुन्हा तोच आकडा.

माझा एक प्रश्न होता की मुलं उताऱ्यावरच्या प्रश्नांना उताऱ्यातली ओळच का उतरवतात. एका वर्गात मोजलं : ४१ पैकी ३० जणांनी ‘का?’ या प्रश्नालाही ओळ जशीच्या तशी उचलली होती. बदल एकच केला. उत्तर लिहायच्या आधी पुस्तक मिटायचं आणि शेजाऱ्याला तोंडी सांगायचं, मग पुस्तक न उघडता लिहायचं. चार आठवड्यांनी ओळ उचलणारे १७ उरले. भारी वाटलं. पण त्याच वह्यांत शुद्धलेखनाच्या चुका वाढल्या होत्या, कारण समोर बघून लिहायला काही उरलं नव्हतं. तेही नोंदवलं. फक्त यशाचा आकडा लिहाल तर तो अहवाल होतो. एकदम पाच बदल करू नका. काय लागू पडलं तेच कळत नाही.

प्रशिक्षणं, आणि ते ५० तास

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. आठवड्याला एक तास धरलात तरी होऊन जातात. प्रशिक्षणांची तशी कमतरता नाही : डाएटची (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेची), दीक्षा ॲपवरची, शिक्षण परिषदा, पुढे १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचं आणि २४ वर्षांनी निवडश्रेणीचं. कमतरता आहे ती प्रश्न घेऊन जाणाऱ्यांची. ॲपवर व्हिडिओ चालू ठेवून शेजारी भाजी निवडणं आणि शेवटी प्रमाणपत्र उतरवून घेणं हे मी बघितलंय (आणि एकदा केलंय, मेथी होती).

उपाय साधा आहे. कुठल्याही प्रशिक्षणाला जाताना वहीतला एक प्रश्न सोबत न्या आणि संध्याकाळी परत येताना एसटीत बसून एकच गोष्ट लिहा, ‘सोमवारी यातलं काय करणार’. काहीच मिळालं नाही तर ‘काही नाही’ लिहा. शिक्षण परिषदेत बोलायची पाळी आली तर फसलेला प्रयोग सांगा. एरवी मोबाइलमध्ये खाली गेलेल्या माना वर येतात.

या तासांत न मोजली जाणारी, पण भाषाशिक्षकाला सगळ्यात गरजेची गोष्ट म्हणजे स्वतःचं वाचन. पाठ्यपुस्तकाबाहेरचं शेवटचं पुस्तक कधी वाचलं, हेही वहीत लिहा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून चालू आहे, आपण मात्र शाळा सुटल्यावर त्याच्या दारावरून गाडी काढून घरी जातो. महिन्याला एक पुस्तक आणा. आणि मुलांना निबंध दिलात की तोच निबंध तुम्हीही लिहा, त्यांच्याबरोबर, तेवढ्याच वेळात. ‘माझा आवडता ऋतू’वर पंचवीस मिनिटांत दीड पान लिहिताना माझा घामटा निघाला होता. तो विषय मी परत दिलेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत

पहिलं सत्र संपलं की फराळाच्या गडबडीतून दोन तास काढा आणि वही पहिल्यापासून वाचा. पेन्सिल घेऊन बसा. कुठली तक्रार चार वेळा आलीय? कुठला बदल ‘उद्या करणार’ म्हणून लिहिला आणि केलाच नाही? मला पहिल्या वर्षी वाचताना वेगळंच दिसलं. नोंदींत मी मुलांचे हजेरी क्रमांक लिहिले होते, म्हणून सहज हजेरी शेजारी घेऊन आलेल्या क्रमांकांवर टिक करत गेले. हुशार, दंगेखोर, सतत गैरहजर, सगळे होते. ४३ च्या वर्गात १९ क्रमांक आख्ख्या सत्रात एकदाही आले नव्हते.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी ते १९ क्रमांक नव्या पानावर लिहिले, पुढे नावं लिहिली. त्यातल्या सात जणांचा आवाज कसा आहे हे मला आठवेना. परिपाठ झाल्यावर वर्गावर गेले, आणि हजेरी घेताना प्रत्येकाच्या ‘हजर बाई’ला मान वर करून बघितलं.